हाक ऐकू येण्याची सोय

रवींद्र मयेकरांबरोबर दुकानात जायचं तर डबा बांधून न्यावा, असं त्यांचा जावई विनीत म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराला तो रिकामा चालवायला लावून वर कान ठेवला होता. पंख्याची पाती हाताने फिरवून बघितली होती. सगळी हयात खोपटच्या एसटी डेपोत, वर्कशॉपमध्ये गेलेली. इंजिन चालू ठेवायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते त्यांना कळायचं. आवाज आहे म्हणजे त्याला जागा आहे, एवढी एकच त्यांची श्रद्धा. बाकी देवाधर्माचं खातं बायकोकडे होतं.

तर या माणसाला वायरलेस हेडफोन घ्यायचे होते. गेल्या हिवाळ्यात बायकोला हृदयाचा झटका येऊन गेला होता. सौम्यच, पण घर हादरवून गेला. डॉक्टरांनी तिला दुपारची झोप सक्तीची केली, आणि मयेकरांची दुपार म्हणजे नाट्यसंगीत. वर्तकनगरच्या त्यांच्या वन बीएचकेत हॉलमध्ये तबला वाजला की बेडरूममधला पलंग थरथरतो. हळू आवाजात गाणं ऐकायचं त्यांना पटत नव्हतं, म्हणून ते काही दिवस गाणंच बंद ठेवून तोंड फुगवून बसले. शेवटी तिनेच डोंबिवलीला मुलीला फोन केला. "मृणाल, बाबांना ते कानाला लावायचं घेऊन दे बाई. सुतक पडल्यासारखे बसतात दुपारभर."

रविवारी मृणाल आणि विनीत त्यांना गोखले रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेले. पहिले हेडफोन कानात खुपसायचे, बोंडाएवढे. "कानदुखीला बोळा घालतात तसं वाटतंय," मयेकर म्हणाले आणि परत केले. दुसरे कानांवर चपखल बसणारे, विनीतच्या मते सगळ्यात भारी. ते लावून विक्रेत्याने एक बटन दाबलं आणि दुकानच नाहीसं झालं. रस्त्यावरचे हॉर्न गेले, एसीची घरघर गेली, समोर मृणालचे ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मयेकरांनी घाईघाईने ते ओढून काढले.

"हे नको. हिने आतून हाक मारली तर?"

"बाबा, आई मोबाईलवर मिस्ड कॉल देईल ना," विनीत म्हणाला.

"छातीत दुखायला लागल्यावर माणूस मोबाईल शोधतो का रे?"

विक्रेत्याने खालच्या कप्प्यातून तिसरा खोका काढला. "अंकल, मग हे घ्या. एकच पीस उरलाय. कान पूर्ण झाकतात, पण बाजूचं हे बटन दाबलं ना, की बाहेरचा सगळा आवाज आत. घरात कोणी बोलावलं तर लगेच समजतं. चष्म्यावर पण टोचत नाहीत."

मयेकरांनी मृणालला दुकानाच्या पार टोकाला उभं केलं आणि तिच्याकडे पाठ फिरवली. "आता हाक मार. हळू मार." तिने मारली. इतकी स्वच्छ ऐकू आली की ती खांद्याशी येऊन उभी राहिलीय असंच त्यांना वाटलं. त्यांना समाधान वाटलं, आणि खरेदी झाली.

पहिले काही दिवस मजेत गेले. बायको आत झोपायची, हे खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे, बटन दाबलेलं असायचं. गाण्याच्या मागे घर ऐकू यायचं. फ्रिजचं गुणगुणणं, तिचं कूस बदलणं, नळाची एखादी टिपटिप. मुळात या माणसाला गाण्यापेक्षा हेच जास्त आवडायला लागलं होतं. कधी कधी ते गाणं थांबवून नुसतंच घर ऐकत बसायचे.

असेच एकदा सकाळी बसले असताना कुकरची शिटी झाली. पहिली लांब, दुसरी मध्येच फसकन तुटलेली, तिसरी पुन्हा लांब.

"अगं, गॅस बंद कर. तीन झाल्या," त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

"कसला गॅस? तांदूळ अजून भिजतायत," आतून ती म्हणाली. "उतरवा ते कानावरचं आणि आंघोळीला जा."

त्यांनी हेडफोन काढले. स्वयंपाकघर शांत होतं. शेजारच्यांचा कुकर असेल म्हणून ते उठले. आंघोळ करून टॉवेल वाळत घालत असताना शिटी झाली. पहिली लांब. दुसरी मध्येच फसकन तुटली. तिसरी लांब.

कुकरची रबर रिंग सैल झाली होती, म्हणून दुसरी शिटी तशी तुटली, हे त्यांना ऐकताक्षणी कळलं. कळलं नाही ते एवढंच, की ही आधी कशी ऐकली. त्यांनी विनीतला फोन लावला.

"बाबा, ते बाहेरचा आवाज माईकने घेऊन कानात देतात. त्यात थोडा उशीर होऊ शकतो."

"उशीर समजला रे. पण आधी?"

विनीत हसला. "आधी कसं होईल? तुम्ही पेंगला असाल खुर्चीत."

मयेकर पेंगले नव्हते. पण जावयाशी वाद काय घालायचा म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःच कामाला लागले. मोबाईल घरीच बंद करून ठेवला आणि हेडफोन लावून जिन्यात जाऊन उभे राहिले. गच्चीवर जाऊन बघितलं. बाहेर सगळे आवाज जिथल्या तिथे आणि जेव्हाचे तेव्हा होते. भानगड फक्त घरात होती, आणि तीही त्या खुर्चीत बसलं की.

त्या आठवड्यात समोरच्या केशरबाई दारात आल्या. म्हणजे हेडफोनमध्ये आल्या. बेल वाजली, त्यांचा तो कोरडा खोकला झाला, आणि "नीलाताई, कढीपत्त्याची दोन पानं आहेत का हो? माझा सुकला सगळा," असं स्पष्ट ऐकू आलं. मयेकरांनी उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप होतं, कारण केशरबाई सकाळीच कल्याणला भाचीकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, बेल वाजवली, खोकल्या, आणि कढीपत्ता मागितला. मयेकर हॉलमध्ये उभे होते. प्रत्येक शब्द कुठे पडणार ते त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि तो बरोबर तिथेच पडत होता. केशरबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "काय हो काका, भूत बघितल्यासारखे काय बघताय?"

त्यांना हसता आलं नाही. भीती त्यांना तेव्हाच वाटली. पण इंजिनात आवाज यायला लागल्यावर मेकॅनिकने कान काढून घ्यायचा नसतो, ही सवय हाडीमासी मुरलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको झोपल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले, गाणं न लावता.

आधी नुसतं घर होतं. मग आवारातल्या गणपतीच्या देवळात संध्याकाळची घंटा वाजली. खिडकीत तर लख्ख ऊन होतं. मग कोणीतरी अगदी जवळ घसा खाकरला आणि हाक मारली.

"नीला."

थोडा वेळ गेला.

"ए नीला."

मग तोच आवाज, पार फाटलेला. "नीला गं!"

स्वतःचा आवाज माणसाला चटकन ओळखू येत नाही, पण तो खाकरा त्यांना ओळखता आला. आवाज त्यांचाच होता. आणि त्यांनी बायकोला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती.

त्यांच्या घरात तशी रीतच नव्हती. लग्नात घास भरवताना उखाण्यात तिचं नाव घेतलं तेवढंच. पुढे दोन खोल्यांत आईवडील, त्यांच्या देखत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे निलाजरेपणा. ते दोघं गेले तोवर जिभेचं वळणच मोडलं होतं. "अगं" म्हटलं की ती ओ द्यायची, आणि तेवढ्यावर सगळा संसार झाला. म्हणजे हा आवाज कुठल्या जुन्या दिवसातला असणं शक्यच नव्हतं. तो दिवस अजून यायचा होता.

त्यांनी हेडफोन काढायला हात वर नेला, पण काढले नाहीत. पुढे धावपळ होती. खुर्ची सरकली. मग पुष्कळ अनवाणी पावलं, दबक्या आवाजातली बोलणी, आणि मृणालचं रडणं, लहानपणी रडायची तसं, श्वास अडकत अडकत. मग दाराशी केशरबाई आल्या. या वेळी त्या खोकल्या नाहीत.

"काका, पिठलं-भात आणलाय. दोन घास खाऊन घ्या."

ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, हे कोणाला सांगायला लागत नाही. मयेकर कानांत प्राण आणून ऐकत राहिले. इतक्या आवाजांत तिचा आवाज कुठे येतोय का, तेवढंच ते शोधत होते. तो आला नाही.

आत पलंग करकरला आणि ती उठून बाहेर आली, केस बांधत. "चहा टाकू?" तिने विचारलं. मयेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. "आजोबा, तुमचाच बीपी वाढलाय," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन त्यांनी हेडफोन टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर, गोधड्यांच्या मागे सारले. फोडून टाकावेत असं दहादा मनात आलं, पण हात धजावला नाही. स्पीडोमीटरचा काटा मोडला म्हणून गाडीचा वेग कमी होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांच्या मेकॅनिकच्या डोक्याने एक विचार केला, आणि तो त्यांना फार पटला. त्या सगळ्या आवाजांची सुरुवात हाकेपासून होते. हाक त्यांच्याच तोंडून निघते. ती निघालीच नाही तर पुढचं काही निघायचं नाही. साखळीची एक कडी काढली की चाक फिरत नाही, तसं. आणि कडी काढायची म्हणजे काय, तर बायकोचं नाव घ्यायचं नाही! तेवढं तर ते आयुष्यभर करत आले होते. देवळाची घंटा व्हायच्या वेळेला घर सोडायचं नाही आणि काही झालं तरी ते नाव तोंडातून काढायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना झोप लागली.

पण दिवसा त्यांना चैन नव्हती. ती बाथरूममध्ये गेली की हे दाराशी घुटमळायचे. ती झोपली की पदर वरखाली होतोय ना ते बघत बसायचे. तिला आधी मजा वाटली, मग कंटाळा आला, आणि मग बहुतेक थोडी माया वाटली. एका संध्याकाळी ती भाजी निवडत होती आणि हे समोर बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एक मागू का?"

"माग ना."

"एकदा मला नावाने हाक मारा. विनीत मृणालला कशी मारतो, ऐकायलाच बरं वाटतं. माहेर सुटल्यापासून माझं नाव कोणी धड घेतलेलंच नाही. सगळ्यांची काकू, ताई, नाहीतर आई."

"नाही," मयेकर म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"अहो, थट्टेत म्हटलं मी."

"थट्टेतसुद्धा नाही. परत तो विषय काढू नकोस."

"बरं, राहिलं," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. त्या रात्री तिने त्यांचं ताट वाढून ठेवलं आणि ती आत जाऊन पडली. मयेकरांना आतून तुटल्यासारखं झालं. सांगावं सगळं असं वाटलं, पण काय सांगणार? हृदय दुखावलेल्या बाईला हे सांगायचं? त्यांनी ताट तसंच सोडलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांना खोपटला जावं लागलं. डेपोतले त्यांचे जुने सोबती पोपट शिंदे यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याचं दुपारचं बोलावणं होतं, आणि न जाण्याची सगळी कारणं आधीच वापरून झाली होती. "जा हो, दोन तास मी मरत नाही," ती म्हणाली. त्यांनी केशरबाईंना घरात आणून बसवलं आणि मगच चप्पल घातली.

ते वेळेवर निघाले होते. पण कॅडबरी नाक्याला रिक्षा अडकली ती अडकलीच. समोर कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. ऊन उतरायला लागलं तसे ते रिक्षातून उतरले आणि चालत सुटले, मग या वयात जमेल तसे धावले. कॉलनीच्या फाटकात शिरले तेव्हा पुजारी देवळाच्या पायऱ्या चढत होता.

जिन्यात केशरबाई भेटल्या. "आलात? मी आत्ताच निघाले, देवापाशी दिवा लावायचाय. मजेत आहे हो ती. शाल शोधायला कपाट उपसलं तेव्हा तुमचं ते कानाचं सापडलं, तर म्हणाली, बघू तरी हे काय ऐकत बसायचे ते."

मयेकर उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

ती त्यांच्या खुर्चीत बसली होती, खिडकीजवळ. अंगावर शाल. कानांवर हेडफोन. डोळे मिटलेले.

हेडफोन जोडलेला मोबाईल मयेकरांच्या खिशात होता. गाणं कुठलंच लागलेलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले.

ती हलली नाही.

"अगं ए."

देवळात घंटा वाजायला लागली. त्यांनी तिच्या पदराकडे बघितलं. पदर वरखाली होत होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. खाकरावंसं वाटलं, तेही त्यांनी गिळलं. हाताने तोंड घट्ट दाबून धरलं आणि ते एकेक पाऊल पुढे गेले. फक्त ते हेडफोन काढायचे होते.

ते दोन हातांवर असताना तिने मान किंचित वळवली. त्यांच्याकडे नाही. दुसरीकडे कुठेतरी, कोणी बोलावल्यासारखी.

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती थांबली, जणू नीट ऐकू आलं की नाही याची खात्री करत होती.

मग ती लाजली. लग्नात लाजली होती तशी.

"ओ," ती म्हणाली. "आले हं. आले."

मयेकरांचा हात अजून तोंडावरच होता.

पदर एकदा वर गेला, आणि खाली आला.

हेडफोन तिच्या केसांवरून घसरून मांडीत पडले. चेहऱ्यावरची लाज तशीच होती.

त्यांनी हात खाली घेतला, घसा खाकरला आणि हाक मारली. थोडा वेळ थांबून पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज फाटला, आणि समोरच्या घरात केशरबाईंचं दार उघडलं. ते उत्तराची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघत राहिले. उत्तर येणार नव्हतं. ती कधीच ओ देऊन मोकळी झाली होती.